शेरजान सुटला का?

गिरीशचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "दीदी, बाबूजी गेले," एवढंच म्हणून तो थांबला. दुसऱ्या कुणाच्या घरचा फोन असता तर मीही लगेच "अरे देवा" म्हटलं असतं, कधी, कसं असं भराभरा विचारलं असतं. पण ज्यांच्याबद्दल फोन होता त्यांना ते चाललं नसतं. मी म्हटलं, "गिरीश, आधी बस. बसलास? आता सकाळपासून सांग." साठी उलटलेल्या त्या मुलाने नाक ओढलं आणि तो सांगायला लागला. सकाळी नेहमीसारखे उठले. चहात खारी बुडवून खाल्ली, सून नको नको म्हणत असताना आणखी एक घेतली. पेपर हातात घेऊन गॅलरीतल्या उन्हात बसले. खालून जाणाऱ्या भाजीवालीला थांबवून तिच्या जावयाची चौकशी केली. ती बिचारी टोपली उतरवून सगळं सांगून गेली. नंतर जेवायला हाक मारली तर उठले नाहीत. पेपर मांडीवरच होता. "त्रास काही झाला नाही दीदी. बाकी खैर," गिरीश म्हणाला. "खैर," मी म्हटलं, फोन ठेवला आणि मग मात्र मेथीच्या ढिगासमोर बसून पोटभर रडून घेतलं.

त्याला आता महिना होत आला. मेहरकाका, म्हणजे आमच्या बुऱ्हाणपुरात लालबागच्या स्टेशनरोडवर कटपीसचं दुकान चालवणारे मेहरचंद, नव्वदी केव्हाच ओलांडून गेले होते. तेव्हा अकाली वगैरे म्हणायला जागा नाही. त्यांना कुणी सिंधी म्हणत, कुणी पंजाबी, आणि ते प्रत्येकाला न कंटाळता सांगत, "मी बलोच. कलातचा." मग समोरचा हमखास म्हणे, "पण तुम्ही तर हिंदू ना?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "तू पण हिंदू आहेस, म्हणून काय बुऱ्हाणपूरचा नाहीस का?" बलुचिस्तानातल्या त्या कलातच्या बाजारात त्यांच्या आजोबांपासून कापडाचं दुकान होतं. देशाची फाळणी झाली, पुढच्या वर्षी कलात संस्थानही पाकिस्तानात विलीन झालं, आणि त्या उन्हाळ्यात विशीतला मेहरचंद आईवडिलांसोबत बसने क्वेट्ट्याला, तिथून रेल्वेने कराचीला, मग बोटीने मुंबईला आणि शेवटी सरकारने पाठवलं म्हणून आमच्या गावाबाहेरच्या निर्वासित छावणीत येऊन पडला. सामानात भांडी होती, कपडे होते आणि एक काळपट लाल, जाडाभरडा, बकरीच्या केसांत विणलेला गालिचा होता. छावणीतले लोक हसायचे. इथे ताप्तीकाठच्या उन्हाळ्यात लोक अंगावरचा सदरा काढून फेकतात, आणि हा पोरगा केसांचा गालिचा घेऊन आला!

त्या गालिच्याची करामत पहिल्यांदा पाहिली ती आमच्या नानांनी. नाना, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर होते आणि संध्याकाळी छावणीतल्या मुलांना शिकवायला जात. एक दिवस कुणी मोठे साहेब छावणी पाहायला आले. चालता चालता त्यांनी सगळ्यांकडे पाहून हसत विचारलं, "सब ठीक है ना?" लोक हात जोडून "जी हुजूर" म्हणाले. मेहरचंद मात्र तीरासारखा तंबूत पळाला, गालिचा घेऊन आला, साहेबांच्या पायाशी अंथरला आणि म्हणाला, "बैठिए साहब." साहेबांना वाटलं सत्कार आहे. ते बसले. हाराची वाटही पाहत असावेत. समोर मेहरचंद मांडी घालून बसला, छातीवर हात ठेवला आणि त्याने हाल द्यायला सुरुवात केली.

बलोच माणसांचा हा रिवाज आम्हाला पुढे पाठ झाला, पण तेव्हा इथे कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. दोन माणसं भेटली की आधी गालिच्यावर बसायचं. मोठ्याने म्हणायचं, "हाल दे." मग दुसऱ्याने मागच्या भेटीपासून आजपर्यंत जे पाहिलं, ऐकलं, सोसलं ते सगळं सांगायचं. लपवायचं नाही, फुगवायचं नाही. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही आणि उठायचं तर मुळीच नाही. सांगून झालं की "बाकी खैर" म्हणायचं, आणि मग चहापाणी. ज्या मुलखात दोन वस्त्यांमध्ये नुसते डोंगरच आहेत तिथे माणूस हेच वर्तमानपत्र. त्यामुळे कुणी "ठीक आहे ना?" असं विचारलं तर ते विचारणंच होय, आपल्यासारखं तोंडदेखलं नव्हे, अशी त्या पोराची समजूत. त्याने साहेबांना कलातची बस गाठल्यापासून सगळं सांगितलं. बोटीत काय खाल्लं, छावणीत नळ कधी येतो आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या बायकांच्या घागरी कशा कोरड्याच परततात, तांदळात किडे किती, मागच्या तंबूतलं तान्हं मूल तापाने कसं गेलं आणि डॉक्टर कसा आलाच नाही. साहेब दोनदा उठायला गेले. मेहरचंदने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, "अभी खैर नहीं बोला साहब." नाना सांगायचे, तान्ह्या मुलाचं ऐकल्यावर साहेब पुन्हा उठायला गेले नाहीत.

आणि शेवटी, सगळ्यांना वाटलं आता संपलं, तेव्हा मेहरचंद म्हणाला, "और साहब, शेरजान अभी अंदर है." साहेबांनी विचारलं, कोण शेरजान? कुठल्या तंबूत? तेव्हा कळलं की शेरजान कलातच्या तुरुंगात आहे. साहेब जरा सैलावले. "भाई, वो तो हमारी हद में नहीं आता." मेहरचंद शांतपणे म्हणाला, "हद का नहीं पूछा आपने. हाल पूछा." त्या आठवड्यात छावणीत दुसरा नळ आला, डॉक्टरही येऊ लागला. शेरजानचं अर्थातच काही झालं नाही.

नानांनी त्याच संध्याकाळी त्याला घरी आणलं, आणि आमच्याही घरात तोच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला तेव्हा नाना शाळेतून नुकतेच परतत होते. आपल्या सवयीने "काय मेहरचंद, कसं काय?" म्हणत ते पाय धुवायला सरळ आत गेले. मेहरचंद त्यांच्या मागोमाग मोरीपर्यंत हाल सांगत गेला. आई पदराने तोंड झाकून हसत होती. नाना एका पायावर उभे, हातात तांब्या... ते म्हणाले, "अरे, मी सहज विचारलं." तो गोंधळून उभाच राहिला. "सहज? ऐकायचं नाही तर विचारायचं कशाला मास्तर?" मी तेव्हा परकर घालून फिरणारी पोर होते, पण नाना तांब्या ठेवून ओल्या पायांनीच त्याच्यासमोर येऊन बसले, ते मी पाहिलं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी कुणाला उगाच "कसं काय" विचारलेलं मला आठवत नाही.

शेरजान कोण, हे मला काकांनी ताप्तीच्या राजघाटावर बसून सांगितलं. शेरजान मेंढपाळाचा मुलगा, काकांचा जिवलग. दोघांनी मिळून तरुणांचं एक मंडळ काढलं होतं. आधी ते सरदारांच्या बेगारीविरुद्ध बोलत. सरदाराच्या शेतावर फुकट राबायचं, लग्नाला बकरी द्यायची, हे बंद करा म्हणत. इंग्रज गेले, कलात काही महिने स्वतंत्र राहिलं, तिथल्या सभागृहात लोकांनी विलीनीकरण नको असं सांगितलंही. मग वसंतात कलातच्या संस्थानिकाने, खानाने, सही केली आणि प्रकरण मिटलं. "खान भी अपना, कराची भी अपना," काका म्हणत, "पर पूछा किसीने नहीं. शेरजान फक्त एवढंच म्हणत होता, बाजारात उभा राहून... आम्हाला विचारा." काकांचं कुटुंब निघालं त्या दिवशी शेरजान बसपर्यंत आला होता. बस सुरू झाली होती. त्याने खिडकीपाशी धावत धावत रिवाजाप्रमाणे म्हटलं, "हाल दे, मेहर!" आणि काकांनी काय सांगितलं? "खैर." नुसतं खैर. घर सुटलं होतं, आई रडत होती, पुढचं काही माहीत नव्हतं, आणि हा म्हणतो खैर. "पहली बार झूठ बोला मैं उससे," काका म्हणायचे. पुढे मागून आलेल्या कुणी छावणीत बातमी आणली की त्याच महिन्यात शेरजानला पकडून नेलं. म्हणजे काकांचा हाल द्यायचा राहिलेला, त्याचा घ्यायचा राहिलेला. आता तो आहे की नाही हेही कळायला मार्ग नव्हता. ज्याला स्वतःचा हाल सांगता येत नाही त्याचा हाल दुसऱ्याने सांगायचा असतो. म्हणून काका सांगत.

कुणालाही सांगत. दुकान निघालं तशी रोज माणसं यायची आणि दुकानात गिऱ्हाइकासाठी पाट नव्हता, तो लाल गालिचा होता. फोपनारचे तोताराम पाटील केळीच्या गाड्या घेऊन स्टेशनवर यायचे आणि वॅगन लागेपर्यंत दुकानात टेकायचे. पहिल्यांदा काकांनी "हाल द्या पाटील" म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "काय हाल द्यू भाऊ, चाल्लं हाये." काका त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. आता त्या नजरेसमोर किती वेळ टिकणार? पाटील हळूहळू बोलू लागले. केळीचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, आणि मग धाकट्या भावाशी वर्षभर बोलणं बंद आहे तेही सांगून बसले. वॅगन लागली तरी उठेनात. शेवटी त्यांनी विचारलं, "आन तुमचं काय?" मग काकांनी आपला हाल दिला आणि शेवटी म्हणाले, "शेरजान अजून आत आहे." पुढच्या खेपेला पाटलांनी गाडीवरूनच हाक दिली, "ओ मेहरभाऊ, शेरजान सुटला का?"

बस, तिथून ते सुरू झालं. न्हाव्याने दाढी करताना विचारावं, जिलबीवाल्याने कढईवरून विचारावं, शाळेत जाता जाता आम्ही पोरांनी ओरडावं, "काका, शेरजान सुटला का?" ते दुकानातून हात हलवत, "नाही रे, अजून नाही!" काही लोक थट्टेनेच विचारत, हे त्यांनाही कळायचं. रुक्मिणीकाकू, म्हणजे छावणीतल्याच ज्या मुलीशी त्यांचं लग्न झालं त्या, तर उघड म्हणायच्या, "इनको नमक कम है क्या ये भी मत पूछो, कलात से शुरू करेंगे." काकांना राग येत नसे. म्हणत, "थट्टेत का होईना, नाव घेतात ना? तुरुंगवाल्यांना वाटतं हा विसरला गेला. आणि इथे निंबोला गावचा माणूस कपाशी विकता विकता त्याचं नाव घेतो!" असे मोठ्याने हसायचे की स्टेशनवरचे हमाल वळून पाहत.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली आणि आम्ही नव्या मध्यप्रदेशात आलो. नाना फार खट्टू झाले होते. आमच्यासारख्या मराठी घरांना शेजारच्या खानदेशाबरोबर जावंसं वाटत होतं. नाना दुकानात जाऊन गालिच्यावर बसले आणि हाल देऊन मोकळे झाले. काकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला विचारलं होतं?" नाना म्हणाले, "विचारलं म्हणजे... आम्ही अर्ज दिले होते." "और अर्ज देके घर आ गये?" "मग काय करणार?" काका म्हणाले, "घरी आलात. कुणी उचलून नेलं नाही. नाराज रहा मास्तर, जरूर रहा. पण ही पण मोठी गोष्ट आहे." नाना घरी आल्यावर आईला म्हणाले, "तो पोरगा मला समजावतो!" पण त्या रात्री ते जेवले नीट. आणि पुढे आयुष्यभर हिंदी कागदावर मराठीत सही करत राहिले, तेवढ्यावर त्यांची नाराजी भागली.

आमच्या गावात बोहऱ्यांची दरगाह आहे, आणि तिथे दुरून दुरून, अगदी कराचीहूनसुद्धा यात्रेकरू येतात, हे ज्याला माहीत नाही त्याला पुढची गोष्ट नवलाची वाटेल. काकांना ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. यात्रेकरू गाडीतून उतरले की त्यांना लालबागेतूनच जावं लागे. काका त्यांना दुकानात बसवत, सरबत पाजत, हाल घेत आणि आपला देत. कराचीच्या व्यापाऱ्याला कलातचं काय माहीत असणार? पण प्रत्येक जण परत जाताना शेरजानचं नाव घेऊन जाई. अशी किती वर्षं गेली... आणि मग एका हिवाळ्यात पांढऱ्या दाढीचे एक आजोबा स्वतःच दुकान विचारत आले. मी तेव्हा ब्लाउजपीस घ्यायला आले होते. आजोबांनी चपला काढल्या, कुणी न सांगता गालिच्यावर मांडी घातली, आणि छातीवर हात ठेवला. काकांच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्या गावात इतक्या वर्षांत असं बसणारं पहिलंच माणूस! आजोबांचं दुकान क्वेट्ट्याला होतं. ते म्हणाले, "मैं शेरजान का हाल लाया हूं."

काका समोर बसले. आजोबा सांगू लागले. शेरजान सुटला होता. केव्हाच. तुरुंगात गुडघा गेला, आता काठी घेऊन चालतो. आई तो आत असतानाच गेली. लग्न केलं, मुलगी झाली. बाजारातल्या मेहरच्या बंद घराच्या अंगणात जर्दाळूचं झाड आहे, त्याला तो पाणी घालतो आणि फळं गल्लीतली पोरं खातात. कुणीही हाल विचारला की आपला देऊन झाल्यावर म्हणतो, "मेहर गेला. बसमधून खैर म्हणाला. पण खैर नव्हती, मी तोंड पाहिलं होतं." कराचीहून फिरत फिरत त्याच्यापर्यंत बुऱ्हाणपूरची गोष्ट पोचली तेव्हा तो विश्वासच ठेवेना. केळीवाले? न्हावी? माझं नाव? मग इतका हसला की खोकला लागला. आजोबा निघणार असं कळल्यावर त्याने त्यांना हा हाल पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायला लावला. आणि शेवटी एक निरोप होता, "मेहरला सांगा, मी बाहेर आलो. आत अजून आहेत. आता त्यांचा हाल दे." आजोबा म्हणाले, "बाकी खैर." काका "खैर" म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी आपला राहिलेला हाल सांगायला घेतला, थेट त्या बसच्या खिडकीपासून. माझा ब्लाउजपीस राहिलाच. त्या दिवशी गावभर जिलबी वाटली, आणि तोताराम पाटलांनी दुकानासमोर केळीचे घड आणून टाकले.

शेरजान सुटला, तरी हालाचा शेवट काही रिकामा राहिला नाही. काका पुढे नेहमी कुणातरी एकाचं नाव घेत राहिले. एकावेळी एकच. "ढीगभर नावं सांगितली की लोक मोजतात," ते म्हणत, "एक सांगितलं की विचारतात." नाव बदलायचं, कारण कुणी सुटायचा, कुणाची वाईट बातमी यायची. कधी तिकडचा असे, कधी आपल्या इकडचा, खोट्या आळात अडकलेला एखादा यंत्रमागावर काम करणारा. पण गावाने मात्र आपला प्रश्न बदलला नाही. माणूस कुणीही असो, विचारायचं ते "शेरजान सुटला का?" असंच. खरा शेरजान म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात गेला, तो हालही कुणीतरी आणून दिला. काका त्या दिवशी राजघाटावर जाऊन आले आणि मला म्हणाले, "घर में मरा, सुमे. अपने घर में." किती समाधान होतं त्यांच्या तोंडावर! कलातला त्यांचं जाणं कधी झालंच नाही. त्याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही आणि कधी उगाळलंही नाही. जर्दाळू मिळाला की मात्र आधी बी फोडून खायचे.

दुकान गिरीशकडे गेलं, त्याने काचेचं काउंटर केलं. घरात नवी फरशी आली, त्यावर सुनेच्या मते तो गालिचा शोभेना. मग काकांनी तो गुंडाळून माझ्या ओसरीत आणून टाकला आणि दर गुरुवारी रिक्षाने येऊन त्यावर बसू लागले. शेवटच्या गुरुवारी त्यांनी हाल दिला, गुडघ्यांचा, सुनेचा, खारीचा. मग म्हणाले, "और दिलमुराद अभी अंदर है." दिलमुराद म्हणजे तिकडचा एक शाळामास्तर. मी खैर म्हणणार तोच ते म्हणाले, "मेरे बाद कौन बोलेगा?" मी हसून म्हटलं, "तुम्ही शंभरी करणार आहात काका." त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं होतं तसं... मग चहा मागितला.

तेरावा झाला, लोक येऊन गेले. "काय झालं होतं?" विचारत आणि मी "वय झालं होतं" म्हटलं की मान हलवत उठत. मीही थकले होते, सगळ्यांना तेवढंच सांगत होते. गालिचा भिंतीशी गुंडाळलेला होता आणि आता त्याचं करायचं काय हा विचार मनात येई. परवा सकाळी मोटारसायकलवर केळीचा घड बांधून भागवत आला. हा तोताराम पाटलांचा मुलगा, त्याचेही केस आता पांढरे झालेत. त्याने घड ओसरीत ठेवला, चपला काढल्या, भिंतीशी गेला आणि गालिचा उलगडून नीट अंथरला. त्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "ताई, बसा. काकांचा हाल द्या." मी बसले. छातीवर हात कधी गेला मला कळलं नाही. खारीपासून सुरुवात केली. भाजीवाली, पेपर, ऊन, सगळं सांगितलं. भागवत मध्ये एक शब्द बोलला नाही. माझं "बाकी खैर" म्हणून झालं, त्याने "खैर" म्हटलं, पण उठला नाही.

"आता आत कोण हाये, ताई?" त्याने विचारलं.

"दिलमुराद," मी म्हटलं. "शाळामास्तर आहे."

"दिलमुराद," तो म्हणाला. पायऱ्या उतरतानाही नाव विसरू नये म्हणून पुटपुटत होता. मोटारसायकल सुरू केली, आणि फाटकातून वळून मला ओरडून म्हणाला, "सुटला का मंग कळवा हो. तिकडं समदे विचारतीन."